कोठार भरले, किल्ली कुठे आहे?

आमच्या यवतमाळ जिल्ह्याइतका अभ्यासला गेलेला जिल्हा महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी-मुलांसह आपली जीवनयात्रा संपवली आणि शेतकरी-आत्महत्यांच्या इतिहासाचे पहिले पान या जिल्ह्याच्या नावाने लिहिले गेले. पुढे २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला. २००६ च्या जानेवारीत इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने राज्य सरकारला दिला. त्याच वर्षी नियोजन आयोगाचे पथक येऊन गेले, पंतप्रधान येऊन गेले, पॅकेज आले. २००८ मध्ये डॉ. नरेंद्र जाधव यांचा अहवाल आला. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा पुन्हा पथके आली. शिवाय अमरावती, नागपूर, अकोला, मुंबई, दिल्ली अशा विद्यापीठांतून येणारी पीएच.डी.ची मुले-मुली आहेतच. हातात प्रश्नावली, खांद्यावर पिशवी. आमच्याकडच्या घरांनी त्यांना चहा पाजला आणि घरातले सगळे सांगितले: जमीन किती, विहीर आहे का, कर्ज कुणाचे, सावकाराचे किती, मुलीचे लग्न कधी झाले.

या साऱ्याचे पुढे काय झाले? ते कागद कुठे गेले? ज्याच्याविषयी लिहिले त्याला, किंवा निदान त्याच्या दहावी-बारावी झालेल्या मुलाला, ते वाचता येतात का? रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायला हा विषय कोरडा वाटेल, हे मला कळते. पण वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी पीएच.डी. करीत आहे, आणि ती ज्या पैशावर होते तो पैसा आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे.

पूर्वी उत्तर सोपे होते. प्रबंध काळ्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत विद्यापीठात जमा होई. मौखिक परीक्षा होई, पेढे वाटले जात, आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाई. कपाटाला कुलूप असे. किल्ली ज्याच्याकडे तो बहुधा रजेवर असे. बँकेत आम्ही ज्याला ‘डेड स्टॉक’ म्हणत असू, त्यातलीच ही गत.

संगणक आला आणि या कपाटाला पर्याय निर्माण झाला. संशोधकाने आपला निबंध किंवा प्रबंध विद्यापीठाच्या संगणकावर ठेवायचा आणि तो जगात कुणालाही फुकट वाचता यावा, अशी सोय. इंग्रजीत तिला रिपॉझिटरी म्हणतात. मी तिला कोठार म्हणेन. आपल्याकडे ज्वारीचे असते तसे.

ही कल्पना भक्कमपणे उभी केली ती युरोपने. त्यामागे शुद्ध हिशेब होता. सरकारने प्राध्यापकाला पगार द्यायचा, प्राध्यापकाने निबंध लिहून प्रकाशकाला फुकट द्यायचा, दुसऱ्या प्राध्यापकाने तो फुकट तपासायचा, आणि मग प्रकाशकाने तोच निबंध भरमसाट वर्गणी घेऊन त्याच सरकारच्या ग्रंथालयाला विकायचा! आपलीच ठेव आपल्याला कर्जाऊ देऊन वर व्याज लावणारी बँक जगात नाही, पण असा प्रकाशनव्यवसाय आहे आणि तो उत्तम चालतो. आजही असा एकेक निबंध सुटा घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर पडतात. कपाशीची एक फवारणी त्याहून स्वस्तात होते.

फ्रान्सने २००१ मध्ये ‘हाल’ नावाचे राष्ट्रीय कोठार सुरू केले. २००२ मध्ये बुडापेस्टला आणि २००३ मध्ये बर्लिनला जाहीरनामे निघाले. २०१३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्राने ‘झेनोडो’ उघडले. त्यात कुठल्याही विषयाचा, कुठल्याही देशाचा संशोधक आपला माल ठेवू शकतो. जाहीरनामे पुष्कळ निघतात. मला त्यात सर्वांत पटलेली गोष्ट बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाची. २००८ मध्ये त्यांनी ‘ऑर्बी’ नावाचे कोठार उघडले आणि तिथले कुलप्रमुख बर्नार रॉंतिए यांनी नियम केला की, बढतीच्या वेळी जे या कोठारात ठेवलेले असेल तेवढेच लेखन विचारात घेतले जाईल. कोठार भरले! दहा परिसंवादांनी जे झाले नसते ते बढतीच्या फायलीने केले. ज्याने आयुष्यभर नोकरी केली आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

२०१६ मध्ये फ्रान्सने कायदाच केला. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा निबंध, विज्ञानाचा असेल तर सहा महिन्यांनी आणि मानव्यविद्येचा असेल तर बारा महिन्यांनी, लेखक खुला करू शकतो. प्रकाशकाशी केलेला करार काहीही म्हणो.

आता आपल्याकडे वळू. आपण फार मागे नव्हतो. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडण्याचे काम ‘इन्फ्लिबनेट’ या नावाने १९९१ मध्ये सुरू झाले, तेही पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राच्या छत्राखाली, जयंत नारळीकर तिथे संचालक असताना. १९९६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. तिचे ठाणे आज गांधीनगरला आहे. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला की, प्रत्येक पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत जमा झालीच पाहिजे. त्यातून ‘शोधगंगा’ उभी राहिली. आज तिच्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. शेतीविषयक प्रबंधांसाठी ‘कृषिकोष’ आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रबंध तिथे सापडतात. हे काम मोठे आहे, जगात दखल घेण्याजोगे आहे. सरकारी कामाची टिंगल करणे हा आपला आवडता उद्योग असला तरी इथे तो करू नये.

पण कोठारात धान्य आहे एवढ्याने पोळी होत नाही. शोधगंगेतला एखादा प्रबंध उघडून पाहा. तो एका पुस्तकासारखा समोर येत नाही. मुखपृष्ठ एक फाइल, प्रमाणपत्र दुसरी, ऋणनिर्देश तिसरी, मग प्रकरण एक, प्रकरण दोन... प्रत्येक तुकडा वेगळा उतरवून घ्यायचा. तेही चालेल. खरी अडचण मराठी प्रबंधांची आहे, आणि ती समजून घेण्यासाठी जरा सातशे वर्षे मागे, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला जावे लागेल.

रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. मराठीतला आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ याच परंपरेतला. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. अक्षर दिसे एक आणि वाचायचे दुसरे. पोथ्या होत्या, मठांमध्ये नीट जपल्या जात होत्या, त्यांची भाषा मराठीच होती. पण ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला एक ओळ लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना ती उकलली, तोवर मराठी वाङ्मयाचा इतिहास हे दालन वगळूनच सांगितला जात होता.

१९९० नंतर आपण मराठीत टंकन करू लागलो ते श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा नाना फॉन्टांत. त्या फॉन्टांची युक्ती अशी की, पडद्यावर ‘क’ दिसतो, कागदावर ‘क’ उमटतो. पण संगणकाच्या पोटात तो ‘क’ नसतोच. तिथे भलतेच कुठले तरी इंग्रजी चिन्ह असते आणि त्याला ‘क’चा पोशाख चढवलेला असतो. फॉन्ट काढून घेतला की बहुरूप्याचे सोंग उतरते आणि समोर राहते ती निरर्थक चिन्हांची रांग. प्रत्येक फॉन्टची रांग वेगळी. हजारो मराठी प्रबंध, दिवाळी अंक, सरकारी अहवाल असे टाइप झाले. त्यातले जे कोठारात गेले ते डोळ्यांनी वाचता येतात, पण त्यांच्यात शोध घेता येत नाही. ‘कपाशी’ असा शब्द टाकला तर शंभर पानांवर कपाशी असलेला प्रबंधसुद्धा मुकाट बसतो. काही प्रबंध तर छापील पानांची नुसती छायाचित्रे आहेत. आपल्या मठांतली ही नवी सकळ लिपी! फरक इतकाच की, महानुभावांनी ती जाणूनबुजून केली होती.

जगभर एकच असलेली युनिकोड पद्धत येऊन आता जमाना झाला. फोनवर आपण सारे त्याच पद्धतीने मराठी लिहितो. माझी नात तर माझ्यापेक्षा जलद. तरी जुन्या फॉन्टची सवय टंकलेखकांच्या दुकानांतून अजून पुरती गेलेली नाही. प्रबंध टाइप करून देणारा माणूस जो फॉन्ट वापरील तो विद्यार्थ्याचा फॉन्ट. गाइड फॉन्ट पाहत नाहीत, परीक्षक समासाची रुंदी पाहतात. आणि आता तर मुले प्रश्न थेट संगणकालाच विचारू लागली आहेत. ते यंत्र जे वाचू शकते तेच सांगते. चाळीस वर्षांचे मराठी संशोधन त्याच्या लेखी अस्तित्वातच नसेल, तर ते आपल्या कापसाविषयी टेक्सासच्या कापसावरून बोलेल.

दुसरी अडचण नावांची. बँकेत संगणक आला तेव्हा लेजरमधली मराठी नावे इंग्रजीत चढवण्याचे काम कंत्राटाने दिले गेले. विठ्ठल नावाचा एकच शेतकरी बचत खात्यात एका स्पेलिंगने, पीककर्जात दुसऱ्या आणि मुदत ठेवीत तिसऱ्या स्पेलिंगने नांदू लागला. यंत्राच्या मते ती तीन माणसे. त्याची ठेव एका विठ्ठलाची आणि थकबाकी दुसऱ्याची! हे निस्तरायला आमची काही वर्षे गेली. कोठारांत आज हेच चालले आहे. मराठी प्रबंधाचे शीर्षक कुठे देवनागरीत नोंदलेले, कुठे रोमन अक्षरांत, कुठे त्याचे इंग्रजी भाषांतर. लेखकाचे नाव कधी आडनावापासून, कधी नावापासून.

माणसांचे सोडा, आमच्या जिल्ह्याचे नाव घ्या. १९०५ पूर्वी या जिल्ह्याचे नाव होते वणी, आणि इंग्रज ते ‘वुन’ असे लिहीत. १९०५ मध्ये पुसद जोडले गेले आणि जिल्हा यवतमाळ झाला. पण स्पेलिंग असे की, वाचताना ‘येओतमाल’ व्हावे. १९०८ चे जिल्हा गॅझेटियर त्याच नावाने छापले गेले. त्याची स्कॅन केलेली प्रत आज कुणीही घरबसल्या फुकट वाचू शकतो. कापसाचा भाव, कोलामांची वस्ती, दुष्काळ, सावकारी असे सगळे त्यात आहे. पण आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडेलच असे नाही, आणि त्यामागचे ‘वुन’ तर त्याच्या ध्यानीमनीही नसते. ग्रंथपाल नावाचा माणूस नेमका या कामासाठी असतो. वुन, येओतमाल आणि यवतमाळ ही एकच जागा आहे, हे एकदा कुणीतरी यंत्राला सांगून ठेवायचे असते. युरोपातली चांगली कोठारे चांगली आहेत ती यंत्रांमुळे नव्हे. तिथे हे सांगणारी माणसे पगारावर ठेवलेली आहेत म्हणून. आपल्याकडे कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागाच रिकामी असते.

एक उदाहरण सांगतो. पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद आमचा सख्खा शेजारी. गोंड-कोलामांची सोयरीक नदी ओलांडून चालते. १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने तिथे राहून अभ्यास केला, शेकडो छायाचित्रे काढली. ती आज लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेने आपल्या डिजिटल संग्रहात नोंदींसह खुली केली आहेत. पांढरकवड्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाला फोनवर आपल्या पणजोबांच्या पिढीचे चेहरे लंडनच्या कोठारात पाहता येतात. त्याच मुलाच्या समाजावर अलीकडे मराठीत झालेले संशोधन मात्र त्याने शोधले तर हाती लागेल याची खात्री नाही. याला काय म्हणावे?

सरकारने प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवायचे ठरवले आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती वाचायला मिळणार. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातली मुलगी आयआयटीतल्या मुलाइतकेच वाचू शकेल, ही गोष्ट लहान नाही. मी तिचे स्वागतच करतो. पण तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला एक प्रश्न पडतो: हप्ते संपल्यावर घर कुणाचे? वर्गणी म्हणजे भाडे. भाडे थांबले की नव्याने येणाऱ्या अंकांचे दार बंद. शिवाय संस्थेबाहेरच्या माणसाचे काय? तालुक्याचा खासगी डॉक्टर, पत्रकार, निवृत्त शिक्षक, प्रयोग करणारा शेतकरी हे कुठल्या संस्थेच्या हजेरीपटावर नाहीत. आपल्याच देशाच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये धोरण केले होते की, आमच्या अनुदानातून झालेले संशोधन कोठारात खुले ठेवा. ते पाळले जाते का, हे विचारणारा लिएजसारखा बढतीचा कारकून आपण नेमलाच नाही. भाड्याला ६,००० कोटी देताना स्वतःच्या कोठाराच्या डागडुजीला त्यातला शतांश दिला असता, तर जुन्या फॉन्टांतले सगळे मराठी प्रबंध युनिकोडमध्ये आणण्याचे काम मार्गी लागले असते, असा माझा अंदाज आहे. देवनागरी छपाई ओळखणारी साधने आता बरीच सुधारली आहेत. हे काम अशक्य राहिलेले नाही.

आणि युरोपचे सगळे आलबेल आहे, असेही कुणी समजू नये. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी दरोडेखोरांनी हल्ला केला, खंडणी मागितली. ग्रंथालयाने ती दिली नाही. ग्रंथसूचीसुद्धा जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती. ब्रिटनमधल्या पीएच.डी. प्रबंधांची ‘इथॉस’ ही राष्ट्रीय सेवा, जिच्यात सहा लाखांच्या आसपास नोंदी होत्या, तीही त्यात गेली आणि दीर्घ काळ परतली नाही. एवढ्या मोठ्या देशातले संशोधक ‘तो प्रबंध कुठे आहे’ म्हणून एकमेकांना विचारत बसले. तरी प्रबंध वाचले, कारण अनेक विद्यापीठांनी आपापल्या कोठारात स्वतःची प्रत ठेवली होती. म्हणजे तिजोरी शाबूत होती, मध्यवर्ती लेजर गहाळ झाले होते.

एकाच प्रतीचा धोका आपल्याला नवा नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, तरी ती लोकांच्या मुखात होती आणि संताजी जगनाड्यांच्या वह्यांत होती, असे आपण लहानपणापासून ऐकतो. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ असलेले सामान वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. थॉमस कुक कंपनीने भरपाई दिली ६०० रुपये. विम्याने पैसे मिळतात, टिपणे मिळत नाहीत. आपल्याकडेही २००० नंतरच्या दशकात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ नावाचा प्रकल्प झाला. लाखो पुस्तके स्कॅन झाली, त्यात कितीतरी दुर्मिळ मराठी पुस्तके होती. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. काही खटपटी लोकांनी अगोदरच प्रती काढून अमेरिकेतल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर चढवल्या होत्या, म्हणून आज त्या वाचता येतात. शोधगंगेचा भार गांधीनगरवर आहे हे ठीक. पण अमरावतीच्या प्रबंधांची एक धडधाकट प्रत अमरावतीतही असली पाहिजे.

‘सगळे खुले करा’ असे म्हणताना मी एका ठिकाणी मात्र थांबतो. बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले जाई की, गिऱ्हाइकाचे खाते ही त्याची अब्रू आहे. आत्महत्याग्रस्त कुटुंबांवरच्या प्रबंधांच्या मागे परिशिष्टे असतात. त्यात गाव, घर, कर्जाचा आकडा, कधी मृत्यूचे कारण म्हणून शेजाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट. कपाटात कुलूपबंद असताना याची फिकीर कुणी केली नाही. आता ते पान जगापुढे जाते. त्या घरातल्या, आज लग्नाच्या वयात आलेल्या मुलीने ते वाचावे का, आणि तिच्या होणाऱ्या सासरच्यांनी वाचावे का? युरोपीय संघाचे सूत्र असे आहे की, शक्य तितके खुले आणि आवश्यक तितके बंद. यातला ‘आवश्यक’ कोण ठरवणार, याचा विचार आपल्या विद्यापीठांत प्रबंध जमा करण्याच्या खिडकीवर व्हायला हवा. आज त्या खिडकीवर फक्त सीडी, फी आणि शिक्का पाहतात, असे संशोधक मुले सांगतात.

२०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठीला अभिजात दर्जाही त्याच वर्षी मिळाला. तो मिळाल्यावर काय करायचे, अशी चर्चा व्याख्यानमालांतून ऐकू येते. सुचवायचे तर मी दोन कामे सुचवीन. रिद्धपूरच्या विद्यापीठाने या नव्या सकळ लिपीची उकल हाती घ्यावी: विदर्भातल्या विद्यापीठांचे जुने मराठी प्रबंध, एकेक वर्ष घेऊन, शोधता येतील अशा अक्षरांत. दुसरे अमरावती विद्यापीठाकडे. हॉलंडमध्ये प्रबंध इंग्रजीत लिहिला तरी मागे डच भाषेत सारांश जोडण्याचा रिवाज आहे, गावातल्या माणसाला कळावा म्हणून. आपल्या विद्वत परिषदेने ठराव करावा की, या पाच जिल्ह्यांवर झालेल्या प्रत्येक प्रबंधाला दहा पानांचा मराठी सारांश जोडलेला असेल, तो युनिकोडमध्ये असेल, आणि त्याची एक छापील प्रत जिथे प्रश्नावल्या भरून घेतल्या त्या गावच्या ग्रामपंचायतीला जाईल. टपालखर्च विद्यार्थ्याने सोसू नये. प्रबंधाच्या फीमध्ये तो सहज निघतो.